बी मागण्याआधी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अनुभवाचे तेवढे सांगते. माझे माहेर मोहोळकडचे. तिथल्या काळ्या, खोल जमिनीत मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर मोत्यासारखी पिकते. तेच बी मी हौसेने सासरी आणले. आमचे रान हलके, मुरमाड. ओल लवकर आटली, कणसे पोचट राहिली. वर्षभर ज्वारी विकत घ्यावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "तुझे बीच खोटे!" बी चांगलेच होते, पण ते हलक्या जमिनीसाठी नव्हते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले माउली, भारीसाठी फुले वसुधा असे वाण दिले आहेत. अनुराधा लवकर तयार होते. ओल संपण्याआधी दाणा भरतो. तेव्हा भगिनींनो, बी मागताना आधी आपली जमीन सांगा.