जोर काढल्यानंतरचा रक्तदाब



मालवणच्या चिवला किनाऱ्यावर रापण ओढताना आपण कधी पाहिली आहे का? होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडत जाते आणि मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा वाळूवर उभ्या राहतात. टाचा रोवायच्या, अंग मागे टाकायचे आणि ओढायचे. एकदा मीही हौसेने दोराला हात लावला. काम संपले, दोर सोडला, मटकन खाली बसलो आणि उठू लागलो, तो डोळ्यांपुढे अंधारी! शेजारच्या म्हाताऱ्या रापणकराने माझा दंड धरला आणि म्हटले, "एकदम बसा नकात, मास्तरांनू. वायच चला, मगे बसा."

त्याचे हे बोलणे शास्त्राला अगदी धरून आहे. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. परंतु चाळिशी उलटल्यावर रक्तदाबाने मला गाठले, आणि त्या प्रकरणात मी तर्काचीच एक ढोबळ चूक केली. ती आपल्या हातून होऊ नये, म्हणून हा प्रपंच.

आधी जोर लावताना काय होते ते पाहू. स्नायू आवळला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्ताची वाट अरुंद होते, हृदय अधिक नेटाने रक्त ढकलते आणि दाब चढतो. त्यातच आपण श्वास कोंडला, 'हुं' करून ओझे उचलले, की छातीतला दाबही त्यात मिळतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या रोहिणीत सूक्ष्म नळी घालून, वजने उचलली जात असतानाच दाब मोजला. ही मोजणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही पायांनी भारी वजन रेटताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला होता! स्वस्थ बसलेल्या माणसाचा दाब १२०/८० च्या आसपास असतो, हे ध्यानात घ्या म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल.

आता वजन खाली ठेवले. दाबलेल्या वाहिन्या एकदम मोकळ्या होतात, स्नायूंत रक्ताचा लोंढा शिरतो आणि चढलेला दाब काही क्षणांतच घसरतो. अशा वेळी आपण निश्चल उभे राहिलो, किंवा बसून झटकन उठलो, तर रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि घेरी येते. चालत राहिले म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. आमच्या रापणकराचे 'वायच चला' ते हेच!

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. व्यायामानंतर तास-दोन तास, काही जणांत त्याहून बराच अधिक वेळ, दाब नेहमीपेक्षा थोडा खालीच राहतो. वाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंचा ताण सैलावलेला असतो आणि काम केलेल्या स्नायूंतल्या वाहिन्या अजून पसरलेल्या असतात. ज्यांचा दाब मुळात अधिक, त्यांच्यात ही उतरण सहसा अधिक दिसते.

आणि इथेच मी फसलो. दवाखान्यात माझा दाब १५२/९६ भरला होता. गोळी सुरू झाली. मीही जोर, बैठका आणि हलकी वजने सुरू केली. घरी यंत्र आणले आणि रोज व्यायामानंतर अर्ध्या तासाने दाब मोजू लागलो. आकडा १२२/७८! तीन दिवस तोच थाट. मी मनाशी निष्कर्ष काढला, 'व्यायामाने रोग गेला', आणि कोणाला न विचारता गोळी सोडली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी सकाळी दाब पाहिला, तो १५८/९८. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उभे राहून 'समुद्र आटला' म्हणावे, तशी ही गत! मी दिवसातली एकच घटका मोजीत होतो आणि तीवरून साऱ्या दिवसाचे अनुमान करीत होतो.

याच बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक चांगला पायंडा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि सर्वांगासन, शीर्षासन करताना रक्तदाबाचे काय होते ते यंत्राने मोजून १९२६ च्या सुमारास 'योगमीमांसे'त छापले. आसनांवर एवढी श्रद्धा असलेला पुरुष, पण 'मोजून पाहू' म्हणाला. मी मोजले खरे, पण भलत्या वेळी.

तेव्हा दाब पाहायचा तो व्यायामाआधी, सकाळच्या गोळीच्याही आधी. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. त्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, श्रम काही नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि लिहून ठेवावे.

मग रक्तदाबाच्या माणसाने जोर काढूच नयेत काय? तसे मुळीच नाही. नियमित, बेताच्या व्यायामाने महिन्या-दोन महिन्यांत विश्रांतीतला दाबही काही अंशांनी उतरतो. मात्र तो उतार गोळीची जागा घेईल की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. वजन हलके, आवर्तने अधिक असा क्रम ठेवावा. उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. शेवटी पाच-दहा मिनिटे चालावे, लगेच कढत पाण्याने स्नान करू नये. छातीत दुखले, घेरी वारंवार आली, तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठावा. ज्यांचा दाब बसल्या जागी १८०/११० च्या घरात आहे, त्यांनी आधी तो आटोक्यात आणावा, मग वजनाला हात लावावा. आणि श्रमानंतर आपली उकड्या तांदळाची पेज अवश्य घ्यावी. फक्त तिच्याबरोबरचा सुका बांगडा आणि खारातली कैरी जरा जपून! व्यायामाने उतरवलेला दाब मिठाने पुन्हा चढवण्यात शहाणपण नाही.

माझी गोळी आज चालू आहे, जोरही चालू आहेत. आणि व्यायाम संपला की मी अंगणात चार फेऱ्या घालतो, मगच बसतो.