ज्या निरोपाची नक्कल होत नाही



‘क्वांटम’ या शब्दासाठी आपल्या परिभाषेत ‘पुंज’ असा शब्द आहे. पुंज-माहितीचे जाळे हा विषय आपल्या कामाचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु ज्या काचतंतूंनी आज कितीतरी ग्रामपंचायती जोडल्या गेल्या आहेत, तशाच काचतंतूंतून ही माहितीही जाते. फरक आहे तो निरोप पुढे कसा न्यावयाचा यात, आणि वाटेत विश्वास कोणावर टाकावयाचा यात.

प्रथम नेहमीची रीत पाहू. साधा निरोप प्रकाशाच्या स्पंदांनी जातो आणि एकेका स्पंदात असंख्य प्रकाशकण असतात. अंतर वाढते तसा प्रकाश क्षीण होतो. म्हणून वाटेत प्रवर्धक बसवून त्याला बळ देतात, किंवा निरोप वाचून नव्याने पाठवितात. जुन्या तारायंत्रातही मधल्या ठाण्यावर क्षीण झालेला संदेश उचलून ताज्या विजेने पुढे धाडीत असत. निरोपाची नक्कल करावयाची आणि ती पुढे पाठवावयाची, एवढेच त्यातील तत्त्व.

पुंज-माहिती एकेका प्रकाशकणावर ठेवतात. त्याच्या कंपनाची दिशा, म्हणजे ध्रुवण, उभी असल्यास शून्य आणि आडवी असल्यास एक मानता येते. परंतु कण या दोन्हींच्या मिश्र अवस्थेतही असू शकतो. ‘उभा की आडवा?’ असे विचारताच तो एकच उत्तर देतो आणि मूळची मिश्र अवस्था नाहीशी होते. शिक्षकांना याची झलक वर्गात दाखविता येईल. ध्रुवक काचेचे दोन तुकडे एकमेकांशी काटकोनात धरले की प्रकाश अडतो. त्यांच्या मध्ये तिसरा तुकडा तिरका सरकवला की थोडा प्रकाश पुन्हा पलीकडे येतो. मध्ये अडथळा वाढविला आणि वाट मोकळी झाली! मधल्या तुकड्याने प्रकाश केवळ गाळला नाही, त्याची दिशाही बदलली.

अशा अज्ञात अवस्थेची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र बनूच शकत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केले. हा कारागिरीचा दोष नव्हे, निसर्गाचाच नियम आहे.

या अडचणीचाच उपयोग बेनेट व ब्रासार यांनी गुप्त किल्ली पाठविण्यासाठी करून घेतला. त्यांचा निबंध १९८४ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या परिषदेतील आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पाठविणारा प्रत्येक कण सरळ किंवा तिरक्या पद्धतीने, मनाला येईल तसा, पाठवितो. घेणाराही तसाच मोजतो. मग उघडपणे बोलून, जेथे दोघांची पद्धत जुळली तेवढेच आकडे ते राखतात. मध्ये कोणी प्रत्येक कण अडवून, अंदाजाने मोजून पुन्हा पाठविला, तर राखलेल्या आकड्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा चुकतो आणि चोरी उघडकीस येते.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. चांगल्या काचतंतूतूनही १०० किलोमीटरवर शंभरांतील एकच कण पोचतो. ५०० किलोमीटरवर हजार कोटींतील एक. हजार किलोमीटरसाठी सेकंदाला हजार कोटी कण सोडले, तरी एक कण पोचण्यास सरासरी तीनशेहून अधिक वर्षे लागतील. आणि प्रवर्धक तर बसविता येत नाही, कारण प्रवर्धक म्हणजे नक्कल.

चीनने २०१७ मध्ये बीजिंग ते शांघाय असा सुमारे २००० किलोमीटरचा मार्ग सुरू केला, तो ३२ ठाण्यांच्या आधारे. अशा मार्गावर प्रत्येक मधल्या ठाण्यात किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने झाकली जाते. म्हणजे दोन ठाण्यांमधील वाटेवर पहारा निसर्गनियमाचा; ठाण्याच्या आत मात्र कुलपाचा आणि माणसाचा. जाहिरातींत पहिली गोष्ट ठळक असते, दुसरी सहसा नसते.

खरा उपाय वेगळा आहे. दोन कण असे निर्माण करता येतात की ते दूर गेले तरी त्यांची अवस्था एकच, सामाईक राहते. अशा गुंतलेल्या जोडीच्या साहाय्याने एका कणाची अज्ञात अवस्था दूरच्या कणावर उतरविता येते, हे १९९३ मध्ये मांडले गेले. मूळ अवस्था तेथेच नष्ट होते, म्हणून नक्कल होत नाही. आणि मोजणीचे उत्तर साध्या मार्गाने कळवावे लागते, म्हणून प्रकाशाहून वेगाने काही जात नाही. मधल्या ठाण्याची एक जोडी डावीकडे व एक उजवीकडे असेल, तर आपल्याजवळचे दोन कण एकत्र मोजून ते दोन्ही टोके परस्परांशी जोडू शकते. निरोप काय, हे त्या ठाण्याला कळतच नाही. मात्र एक जोडी तयार होईपर्यंत दुसरी जपून ठेवणारी स्मृती लागते, आणि काम अडले आहे ते येथे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०२१ मध्ये तीन ठाण्यांचे असे जाळे उभे राहिले; पुढच्या वर्षी शेजारी नसलेल्या दोन ठाण्यांमध्ये अवस्था पोचविली गेली. प्रयोगशाळेतले हे यश मोठे आहे, पण बाजारात मांडण्याजोगे नाही.

भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि दिल्लीची आय.आय.टी. यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या काचतंतूवर किल्ली पाठवून दाखविली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून २००० किलोमीटरपर्यंत शहरे जोडणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.

उद्या अशा मार्गाचा प्रस्ताव आपल्यापैकी एखाद्या अधिकाऱ्याच्या मेजावर येईल. तेव्हा किल्ली वाटेत किती ठिकाणी उघडी होते, त्या खोल्यांच्या चाव्या कोणाकडे राहतात, आणि पलीकडच्या टोकाला आपलाच माणूस आहे याची खात्री कशी केली जाते, एवढे तीन प्रश्न त्याच्या समासात लिहावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रकाशकण देत नाहीत. त्याची व्यवस्था आधीच, निराळी करावी लागते.