महालक्ष्मीचे घोडामैदान



‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा परीक्षेची वेळ दूर नाही, असा त्याचा अर्थ असतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सविषयी बोलताना ही म्हण आठवते, कारण आज तेथे केवळ घोड्यांचीच नव्हे, तर खुद्द मैदानाचीही परीक्षा चालू आहे.

या भूमीचा जन्मच समुद्राशी झालेल्या झुंजीतून झाला. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी मुंबईच्या पोटात शिरत असे. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला अडविले. मागे राहिलेल्या सखल, दलदलीच्या जमिनीवर 1883 मध्ये रेसकोर्स उभे राहिले. त्याची आखणी मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर झाली. त्यापूर्वी शर्यती भायखळ्यास होत आणि त्यांत आखाती प्रदेशातून गलबतांनी आणलेले अरबी घोडे धावत. पुढे त्यांची जागा थरोब्रेड घोड्यांनी घेतली. हे घोडेही अरबांना परके नव्हेत. जगातील प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपैकी एकापाशी जाऊन पोचते.

येथील शर्यतींची व्यवस्था पाहणाऱ्या क्लबला 1935 मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे नाव आजतागायत टिकून आहे. 1943 मध्ये इंडियन डर्बी प्रथम धावली. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी तीत विजयी झाली. 2400 मीटरांची ही शर्यत परंपरेने फेब्रुवारीत होते आणि चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते.

प्रेक्षकाला दिसते ती दोन-अडीच मिनिटांची दौड. तिच्यामागची व्यवस्था मात्र पहाटेपासून सुरू होते. उजेड फुटण्यापूर्वी मोतद्दार तबेल्यात घोड्याला खरारा करतो, त्याचे पाय चाचपून पाहतो. मग सरावाच्या पट्टीवर प्रशिक्षकाच्या नजरेखाली घोडा धावतो. शर्यतीच्या दिवशी पशुवैद्य सज्ज असतात. हिरवळीखालची माती किती मऊ वा कठीण आहे, हे उपकरणाने मोजून जाहीर केले जाते. स्वाराचे वजन खोगिरासह शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतरही घेतले जाते. हँडिकॅप शर्यतीत बलवान घोड्यावर अधिक भार ठेवून दुबळ्यालाही संधी दिली जाते. निकालाविषयी शंका उरली, तर अंतिम रेषेवरील छायाचित्र निर्णय देते. मुंबईचा पाऊस ही हिरवळ धावण्याजोगी ठेवत नाही, म्हणून पावसाळ्यात शर्यती पुण्यास जातात आणि हिवाळ्याच्या तोंडावर महालक्ष्मीस परततात.

पैजेचा प्रश्न टाळून चालणार नाही. घोड्यांच्या शर्यती हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. परंतु कायद्याने मान्य केलेली गोष्ट प्रत्येक घराला पेलतेच असे नाही. पैजेपायी संसार उद्ध्वस्त झाल्याच्या कहाण्या खोट्या नाहीत, आणि या खेळाच्या चाहत्यांनीही त्या विसरू नयेत.

तरीही या मैदानाने शहराला एक देणगी दिली. भोवती गिरण्या आल्या, गेल्या, त्यांच्या जागी गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या. पण ही सुमारे 211 एकर भूमी मोकळी राहिली. सकाळी फिरावयास येणाऱ्या सामान्य नागरिकालाही येथे मोकळा श्वास घेता आला. भाडेपट्ट्याची मुदत 2013 मध्ये संपली आणि ही भूमी कोणाची, हा वाद वाढला. 2024 मध्ये तोडगा निघाला: सुमारे 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि सुमारे 91 एकर नव्या भाडेपट्ट्याने क्लबकडे.

मूठभरांच्या खेळासाठी एवढी जागा असावी काय, हा प्रश्न रास्तच होता. मात्र तो विचारणाऱ्यांवर आता दुसरी जबाबदारी येऊन पडली आहे. घोड्यांच्या टापांनी शतकाहून अधिक काळ जी भूमी बांधकामापासून राखली, ती उद्यानाच्या नावाखालीही तितकीच मोकळी राहिली पाहिजे. भूमी एकदा बांधकामाखाली गेली की परत मिळत नाही. या परीक्षेत घोडा नाही, स्वारही नाही. धावायचे आहे ते नागरिकांनाच.