१४ एप्रिल : हजेरीपटावर नसलेली माणसे

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावले आहे, 'शाळेच्या गमती सांगायला बाकीचे आहेत, तू तुझ्या कामाबद्दल बोल.' मी तीस वर्षे अग्निशमन दलात होतो. त्यामुळे मी बोलणार ते आगीबद्दलच. पण ही आग आपल्या सगळ्यांच्या घराजवळची आहे. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील किंवा आजोबा गोदीत कामाला होते.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. युद्धाचे दिवस. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या हजारो गाठी आणि तेलाची पिंपेही चढवली गेली. कप्तानाने हरकत घेतली होती, पण युद्धात जागा वाया घालवायची नाही, हे ठरलेले. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा रिवाज होता. तो या जहाजावर नव्हता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नंबरच्या फाळक्यातून धूर दिसला. आग कापसात होती. आमच्या खात्यातला कोणीही सांगेल, दाबून बांधलेली गाठ आतून धुमसते. वरून कितीही पाणी मारा, ते आत पोचत नाही. जवानांनी ९०० टनांहून जास्त पाणी ओतले, तरी धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाज तिथेच बुडवायचे की समुद्रात ओढून न्यायचे, यावर साहेब लोकांचा विचार चालू राहिला. निर्णय झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. तो हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंदला गेला.

जहाजावर आणि धक्क्यावर पाणी मारत उभे असलेले ६६ अग्निशमन जवान गेले. म्हणूनच देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. भायखळ्याच्या मुख्यालयातल्या स्मारकापुढे मीही दरवर्षी मानवंदनेला उभा राहिलो आहे. आमच्या माणसांची नावे आहेत, आकडा आहे, सलामी आहे.

मित्रहो, मला बोलायचे आहे ते बाकीच्यांबद्दल. मृतांचा एकूण आकडा कोणी ८०० सांगतात, कोणी १,३००. म्हणजे पाचशे माणसांचा फरक! पाचशे माणसे म्हणजे आपल्या वेळची दहा वर्गांची हजेरी. असे कसे होते? मला दिसणारे एक कारण सांगतो. पगारी नोकराचे नाव हजेरीपटावर असते. गोदीतला हमाल त्या काळी टोळीवाल्याच्या हाताखाली रोजंदारीवर काम करी. काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी परत. त्याचे नाव लिहिलेले असेलच असे नाही. गावाकडे पत्र कोण पाठवणार, आणि कुठल्या पत्त्यावर? त्यातून युद्धाची सेन्सॉरशिप. मुंबईच्या वार्ताहरांना सविस्तर बातमी बाहेर पाठवायला मे महिना उजाडला.

सोन्याचा हिशोब मात्र राहिला. त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्या उडून शहरभर पडल्या, आणि पुढे अनेक वर्षे गोदीतला गाळ काढताना एखादी वीट सापडली की तिची बातमी होई. हमालाची बातमी कोणी केली नाही.

पुढे १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा आला. त्यातून नोंदणी झाली, बिल्ला मिळाला. आपल्या आजोबांनी तो बिल्ला जपून ठेवला होता, तो केवळ हौस म्हणून नाही. 'माझे नाव कुठेतरी लिहिलेले आहे' याचा तो पुरावा होता.

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि आठवलीच पाहिजे. १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या जयंतीच्या दिवशी या मजुरांची आठवण काढली तर ती वेगळी वाटणार नाही.

आता व्हिक्टोरिया गोदीही बुजवून टाकली आहे. दाखवायला पाणीसुद्धा उरलेले नाही. म्हणून माझी दोन मागण्यांची छोटी यादी आहे. पहिली तुम्हा वर्गमित्रांना : घरी ट्रंकेत जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी, फोटो असेल, कोणा वडीलधाऱ्याच्या तोंडून ऐकलेले एखादे नाव असेल, तर ते लिहून शाळेत आणून द्या. नाव, गाव, काम, एवढ्या तीन ओळी पुरेत. दुसरी सरांना आणि बाईंना : त्यासाठी ग्रंथालयात एक वही ठेवू द्या. मुलांना ती चाळू द्या.

रोज सकाळी बाई हजेरी घ्यायच्या आणि गैरहजर मुलाचे नावही मोठ्याने वाचायच्या. 'का आला नाही रे तो?' असे विचारायच्या. ती सवय आपल्याला या शाळेने लावली आहे. त्या लोकांसाठी ती वापरू या.