प्रकाशाची वाणी

सन १६७० च्या फेब्रुवारीची ४ तारीख. माघ वद्य नवमीची रात्र. सिंहगड हातीं येतांच मावळ्यांनीं गडावरील पागेला आग लाविली व तिचा उजेड सुमारें १० मैलांवरील राजगडाहून शिवाजीमहाराजांनीं पाहिला, असें सभासदाच्या बखरींत नमूद आहे. गड घेतल्याचें वर्तमान क्षणार्धांत पोंचलें. तानाजी मालुसरे पडल्याची बातमी मात्र दुसर्‍या दिवशीं जासुदाच्या तोंडून कळली. जाळाला एकच गोष्ट सांगतां येत होती. तिची किंमत काय पडली, हें सांगण्याची भाषा त्याच्यापाशीं नव्हती.

प्रकाशाच्या योगें लष्करी संदेश धाडण्याचा सारा इतिहास म्हणजे या मुक्या ज्योतीला वाचा देण्याचा इतिहास होय. इसवी सनापूर्वी दुसर्‍या शतकांत पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकारानें एक युक्ति वर्णिली आहे. वर्णमालेचे ५ गट पाडावे. डावीकडील मशालींनीं गट दाखवावा व उजवीकडील मशालींनीं त्यांतील अक्षर. युक्ति नामी, परंतु फार संथ; शिवाय दुरून मशाली मोजणें कठीण.

खरी वाचा फुटली ती १९ व्या शतकांत. मोर्सची बिंदुरेषांची लिपि तारायंत्रामुळें रूढ झाली होती. इराणच्या आखातांतील तारखात्याचा इंजिनिअर हेन्री मॅन्स यानें १८६९ च्या सुमारास, तेव्हां मुंबई इलाख्यांत असलेल्या कराचीस, ती लिपि सूर्यकिरणांस शिकविली. त्याचें यंत्र हेलिओग्राफ. तिवईवर लहानसा गोल आरसा. त्याच्या मध्यावर कलई नसलेला ठिपका. त्या ठिपक्यांतून पाहून दूरच्या ठाण्याचा नेम धरावयाचा. मागची कळ दाबली कीं आरसा किंचित् कलतो व कवडसा ठाण्यावर पडतो. सोडली कीं ढळतो. अल्प चमक म्हणजे बिंदु, दीर्घ चमक म्हणजे रेषा. सूर्य सरकेल तसा आरसाहि सरकवावा लागतो. सूर्य पाठीशीं असल्यास दुसरा आरसा जोडावा लागतो.

तार शत्रूला तोडतां येते. कवडसा तोडतां येत नाहीं. १० मैलांवर त्याची रुंदी अवघी सुमारें १६० वार असते; त्या पट्ट्याबाहेरच्या माणसास कांहींच दिसत नाहीं. १८९४ सालीं अमेरिकन सैन्यानें दोन पर्वतशिखरांमध्यें १८३ मैल संदेश धाडला. ढग, धुकें आणि रात्र हे मात्र या यंत्राचे कायमचे वैरी.

याची कसोटी लागली ती बोअर युद्धांत. २ नोव्हेंबर १८९९ पासून लेडीस्मिथ शहराला वेढा पडला होता. सोडवणुकीस निघालेल्या जनरल बुलरचा १५ डिसेंबरला कोलेन्सो येथें पराभव झाला. दुसर्‍या दिवशीं त्यानें आरशावाटेंच कळविलें कीं, दारूगोळा उडवून टाकावा व मिळतील त्या अटींवर तह करावा. शहरांतील सेनापति सर जॉर्ज व्हाइट यानें तें मानलें नाहीं; अन्न महिन्याहून अधिक पुरेल, असा जबाब त्यानें धाडला. २८ फेब्रुवारी १९०० रोजीं वेढा उठला.

पुढें बिनतारी यंत्रानें आरसा मागें पडला. तथापि आज काचेच्या तंतूंतून प्रकाशच पुन्हा लुकलुकत संदेश वाहतो आहे. जो प्रकाश विजय कळवितो, तोच निराशाहि तितक्याच इमानानें पोंचवितो. तिच्यापुढें नमावयाचें कीं नाहीं, हें लेडीस्मिथला आरशानें नव्हे, माणसानें ठरविलें.