कंट्रोल आणि झेड

मोरगावातून बोलतेय. चतुर्थीला मयूरेश्वराला गर्दी असते, म्हणून गेल्या महिन्यात गटाची बैठक आदल्या दिवशी घेतली. हिशेब मी कॉम्प्युटरवर ठेवते. घाईत माझ्याच हातून एका ताईंच्या कर्जाचे आठ हप्ते पुसले गेले. "अगं, मी तर वेळेवर भरलेत!" त्यांचा आवाज कापत होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

कंट्रोलचं बटण धरून झेड दाबलं. ओळी जागेवर परत! पण फाईल बंद केली असती, तर हे जमलं नसतं. म्हणून वही सोडायची नाही, बरं का.

नाव शोधायला कंट्रोल आणि एफ. अक्षर बारीक वाटलं, तर विंडोजचं बटण धरून अधिकचं चिन्ह दाबा, पडद्यावर भिंग येतं. आमच्या अध्यक्षबाई तेव्हापासून खूश आहेत.

त्याच आठवड्यात लेकीबरोबर 'लोका' पाहिला, २०२५ चा मल्याळम सिनेमा. कल्याणी प्रियदर्शनची चंद्रा केरळच्या लोककथेतल्या नीली यक्षिणीवरून घेतलीय. जिच्या नावानं लोक घाबरायचे, तीच इथं माणसांना वाचवते, हे मला फार आवडलं. मारामारी मात्र जरा जास्तच.

लेक म्हणाली, "आई, तुला कुठली शक्ती हवी?" मी म्हटलं, "कंट्रोल आणि झेड."

त्या ताईंना हप्त्यांचा कागद छापून दिलाय. पुढच्या बैठकीत कीबोर्डवर त्याच बसणार आहेत.