चॅट कोण सांभाळणार?

(ग्रंथपाल दिनी केलेल्या ऑनलाइन भाषणाचा संपादित भाग)



आज १२ ऑगस्ट, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणाचा दिवस. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. पूर्वी याचा अर्थ हवं ते पुस्तक चटकन हातात देणं एवढाच होता. आता मोबाइलवर मिनिटाला दहा गोष्टी येऊन पडतात. त्यातलं खरं काय, हे पारखायला शिकवणं हेही आम्हा ग्रंथपालांचं काम झालं आहे. त्याला माहिती साक्षरता म्हणतात.

हे शिक्षण किती गरजेचं आहे, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेने माणसं गेली. पुढे कोरोनात तबलिगच्या नावाने काय काय फिरलं, ते तर आपण भोगलंच आहे.

पण अफवा फक्त आपल्याविरुद्ध फिरतात असं नाही. आपल्या घरातूनही फिरतात. २०२१ मध्ये मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून ऑनलाइन वर्ग घेत होते. पडद्यावर चाळीस नावं, सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी स्क्रीन शेअर करून बोलत होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने चॅटमध्ये विचारलं, "मॅडम, खालाने मेसेज पाठवलाय, लस घेतली की मूल होत नाही. खरं आहे का?" मला तो प्रश्न दिसलाच नाही. वर्ग संपल्यावर दिसला, तेव्हा ती निघून गेली होती. पुढच्या आठवड्यात कळलं, तो मेसेज घरच्या ग्रुपवर गेला आणि तिच्या भाभीने लस घ्यायची रद्द केली. महिन्याभराने भाभीने लस घेतली, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. मी माहिती तपासायला शिकवत होते आणि ज्या मुलीला खरोखर तपासायचं होतं, तिला उत्तर मिळालं नाही.

चूक माझीच होती. पण एकटी व्यक्ती बोलणार, पडदा दाखवणार, हजेरी घेणार आणि चॅटही वाचणार, हे होत नाही.

शिकवायचं काय, हे आता बरंच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १० इतिहासकार, १० तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. शिकलेसवरलेले इतिहासकारही सुबक मांडणी आणि भारदस्त नाव पाहून चकले. तथ्यतपासनीस त्या पानावर रेंगाळले नाहीत. त्यांनी लगेच दुसरी टॅब उघडून हे लोक कोण आहेत, इतर काय म्हणतात, ते पाहिलं. ही सवय पाठांतराने लागत नाही. समोर आलेला खरा मेसेज घेऊन, पुन्हा पुन्हा करून पाहिली तरच लागते. म्हणून विद्यार्थ्यांचे प्रश्न हाच वर्गाचा जीव असतो.

मग ग्रंथपालाला पाठबळ म्हणजे काय? भेटवस्तू आणि शाल नको. महाविद्यालयांनी हे तास कामाच्या तासांत धरावेत. आज ते पुस्तकांची देवघेव संपवून, घरच्या डेटावर, रात्री घेतले जातात. वर्गात दुसरी व्यक्ती हवी. उदाहरणं मराठीत आणि उर्दूत हवीत, कारण खालाचा मेसेज इंग्रजीत येत नाही. आणि सगळं साहित्य मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाचता आलं पाहिजे.

तुमच्याकडे माझं मागणं छोटं आहे. आपल्या कॉलेजच्या किंवा गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जा आणि विचारा, "असा वर्ग घ्याल का? चॅट मी सांभाळतो, मी सांभाळते." घरच्या ग्रुपवरचे मेसेज घेऊन या. खालाची थट्टा करू नका. तिने काळजीनेच पाठवलेला असतो. तिच्या शेजारी बसून तपासा.

माझ्या वर्गात आज चॅट तीच विद्यार्थिनी सांभाळते. मला मध्येच थांबवून म्हणते, "मॅडम, एक प्रश्न आलाय." मी थांबते.